ऑपरेशन करूनसुद्धा

‘ऑपरेशन करूनसुद्धा?’

प्रश्न एवढाच असतो. वाक्य कुणी पूर्ण करत नाही. लग्नाच्या पंगतीत, ऑफिसच्या लिफ्टमध्ये, बिल्डिंगखाली स्कूटर लावताना समोरच्याची नजर एकदा खालून वर फिरते आणि हे दोन शब्द येतात. सगळा माल त्या ‘सुद्धा’त ठासून भरलेला. एवढे पैसे घालून, पोट कापून घेऊन, घरादाराला कामाला लावून शेवटी तू होतीस तिथेच. विचारणारी व्यक्ती वयाने मोठी असेल तर वर एक म्हणही मिळते, ‘ये रे माझ्या मागल्या’. तिचा उरलेला भाग ‘ताक-कण्या चांगल्या’ असा आहे. म्हणजे माणूस जुन्या खाण्यावर परतला, हा आरोप मूळ म्हणीतच आहे. (ताक-कण्या हे खरं तर आजच्या कुठल्याही डाएटिशियनने टाळ्या वाजवाव्यात असं जेवण. असो.)

‘सुद्धा’ हा शब्द तसा निरागस. माझ्या काकांची अँजिओप्लास्टी झाली आणि चार वर्षांनी दुसरा ब्लॉकेज निघाला, तेव्हाही नातेवाईक म्हणाले होते, ‘अँजिओप्लास्टी करूनसुद्धा?’ पण तेव्हाचा सूर वेगळा होता. लोक शहाळी घेऊन आले. त्या चार वर्षांत काकांची सिगारेट सुटली नव्हती, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि एकानेही तो विषय काढला नाही. आजारी माणसाला असं बोलायचं नसतं, एवढं आपल्याला कळतं. डायबेटिसवाल्याची गोळी वाढली, चष्म्याचा नंबर वाढला, गुडघा बदलून दहा वर्षांनी पुन्हा दुखायला लागला, तर आपण डॉक्टर बदलायचा सल्ला देतो. वजन वाढलं तर माणूस बदलायचा सल्ला देतो.

माझं म्हणणं सरळ आहे. बेरिॲट्रिक सर्जरीनंतर काही वर्षांनी उतरलेल्या वजनातला काही भाग परत चढणं हा त्या उपचाराचा माहीत असलेला, मोजलेला आणि छापून आलेला भाग आहे. पेशंटच्या चारित्र्याशी त्याचा काही संबंध नाही. आणि तो तसा जोडणाऱ्यांमध्ये नातेवाईक सगळ्यात कमी दोषी आहेत. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्यांनी सांगितलं नाही, माझा राग त्यांच्यावर आहे.

आधी माझे आकडे देऊन टाकते, नाहीतर वाचणाऱ्याचं लक्ष तिकडेच राहील. २०१६ साली ऑपरेशन झालं तेव्हा वजन १२१ किलो होतं. दीड वर्षात ७९ झालं. आज ९४ आहे. बघणाऱ्याला यात ७९ ते ९४ दिसतं, म्हणजे १५ किलो ‘वाढलं’. १२१ ते ९४, म्हणजे २७ किलो अजूनही गेलेलेच आहेत, हे गणित करायला कुणी थांबत नाही. घरातला गॅस सिलिंडर उचलून बघा. भरलेला असतो साधारण तीस किलोचा, रिकामा पंधरा-सोळाचा. माझ्या अंगावरून जवळपास एक भरलेला सिलिंडर कायमचा उतरला आहे. मी जिना चढते, रात्री श्वास न कोंडता झोपते, विमानात एक्स्टेंडर मागत नाही. पण चर्चा सगळी मधल्या काळात परत आलेल्या रिकाम्या सिलिंडरची.

आता ऑपरेशनबद्दल थोडं, कारण लोकांच्या डोक्यात त्याचं चित्र फार ढोबळ आहे. मराठी घरांत ‘बेरिॲट्रिक’ हा शब्द शिरला तो बहुधा २०११ मध्ये, भाजपचे तेव्हाचे राष्ट्रीय अध्यक्ष नितीन गडकरी यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली तेव्हा. तेव्हापासूनचा समज असा, की पोट लहान केलं, आता जास्त मावणारच नाही, मग वजन वाढेल कसं? ‘स्लीव्ह’मध्ये जठराचा पाऊण ते ऐंशी टक्के भाग कापून काढून टाकतात आणि उरते ती एक केळ्यासारखी नळी. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती आतड्याला पुढे जोडतात. हे झालं सुतारकाम. खरी गंमत हार्मोन्समध्ये आहे. भूक लागल्याची वर्दी देणारं घ्रेलिन मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं आणि स्लीव्हमध्ये तोच भाग जातो. जेवणानंतर ‘बास’ म्हणणारी जीएलपी-१, पीवायवाय ही हार्मोन्स ऑपरेशननंतर जास्त सुटतात. म्हणून पहिल्या वर्षी माणूस ताटासमोर बसून ‘मला खरंच भूक नाही’ असं म्हणतो, आणि ते नाटक नसतं. आयुष्यात पहिल्यांदा डोक्यातला खाण्याचा रेडिओ बंद झालेला असतो. ती शांतता काय असते हे मी शब्दांत सांगू शकत नाही. त्या शांततेसाठी मी उद्या परत ऑपरेशन करून घेईन.

पण शरीर गप्प बसत नाही. चरबी कमी झाली की चरबीच्या पेशींतून येणारं लेप्टिन कमी होतं. हे हार्मोन १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने शोधलं. लेप्टिन घसरलं की मेंदू त्याचा एकच अर्थ काढतो, दुष्काळ पडलाय. तुम्ही मुद्दाम बारीक झाला आहात आणि इन्स्टावर खूश आहात, हे त्याला कळायला मार्ग नाही. तो खर्च कमी करतो. अमेरिकेतल्या ‘द बिगेस्ट लूजर’ या टीव्ही स्पर्धेतल्या चौदा जणांना केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. तो अभ्यास २०१६ चा. या लोकांनी ऑपरेशन केलेलं नव्हतं. घाम गाळून, कॅमेऱ्यासमोर रडत, अगदी ‘शिस्तीने’ वजन उतरवलं होतं. सहा वर्षांनी बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलं होतं, आणि तरीही त्यांचं शरीर त्या वजनाच्या माणसाने बसल्या जागी जेवढं जाळायला हवं त्यापेक्षा रोज सरासरी ५०० कॅलरी कमी जाळत होतं. पाचशे कॅलरी म्हणजे एक साधं जेवण. शेजारच्या बाईइतकंच वजन, तिच्याइतकंच चालणं, पण वजन राखायचं तर रोज तिच्यापेक्षा एक जेवण कमी. आयुष्यभर. आणि वर ती शेजारीण सांगणार, ‘मी तर फक्त रात्रीचा भात बंद केला.’

ऑपरेशन झालेल्यांचे आकडेही दडवलेले नाहीत. स्वीडनमध्ये १९८७ पासून ‘स्वीडिश ओबीस सब्जेक्ट्स’ नावाचा अभ्यास चालू झाला. ऑपरेशन झालेले सुमारे दोन हजार, न झालेले सुमारे दोन हजार. गॅस्ट्रिक बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं आणि दहा वर्षांनी ते २५ टक्क्यांवर स्थिरावलं. पोटाला बँड बसवलेल्यांचं २० टक्क्यांवरून १४ वर आलं. ही सरासरी आहे. म्हणजे काही लोकांचं याहून कमी परत आलं, काहींचं जास्त. डायबेटिसचं बघा. ऑपरेशनआधी डायबेटिस असलेल्यांपैकी ७२ टक्के दोन वर्षांनी त्यातून बाहेर होते, दहा वर्षांनी ३६ टक्के. वाचून कुणी म्हणेल, बघा, निम्मा फायदा गेला. पण ऑपरेशन न झालेल्या गटात दहा वर्षांनी हा आकडा १३ टक्के होता. आणि ऑपरेशन झालेल्या गटात मृत्यू कमी झाले. तेव्हा ‘उपयोग काय झाला’ या प्रश्नाचं उत्तर फार नम्रपणे ‘जगलो’ असं देता येतं.

हा निकाल २००७ साली प्रसिद्ध झालाय. माझं ऑपरेशन त्यानंतर नऊ वर्षांनी. मला दाखवलेल्या चकचकीत माहितीपत्रकात दहाव्या वर्षाचा एकही आकडा नव्हता. त्यात एका बाईचा फोटो होता. डावीकडे ढगळ पंजाबी ड्रेस, पडका चेहरा, ट्यूबलाइटचा उजेड. उजवीकडे जीन्स, मोकळे केस, दात दिसणारं हसू. खाली उतरलेल्या किलोंचा आकडा. फोटो कधीचा, ऑपरेशनच्या कितव्या महिन्यातला, ते कुठेही नाही.

घोडं इथेच पेंड खातं. हा सगळा धंदा एका फोटोवर उभा आहे आणि तो फोटो ठरवून चौदाव्या-अठराव्या महिन्यातला असतो, आलेख सगळ्यात खाली असतो तेव्हाचा. माझाही काढला. मी हॉस्पिटलच्या मेळाव्यात गेले, शुगर-फ्री केक कापला, माइकवर बोलले, माझ्या जुन्या पँटच्या एका पायात उभी राहिले. माझा फोटो कितीतरी वर्षं त्यांच्या वेटिंग रूमच्या भिंतीवर होता. पाचव्या वर्षी मी बारा किलो वाढलेली असताना त्याच वेटिंग रूममध्ये त्याच फोटोखाली बसले होते आणि रिसेप्शनवरच्या मुलीने मला ओळखलं नाही. आत गेल्यावर पहिला प्रश्न, ‘काय खाता?’ दुसरा, ‘रिव्हिजनचा विचार केलाय का?’ म्हणजे स्लीव्हचा बायपास. पहिल्या प्रश्नात दोष माझा, दुसऱ्या प्रश्नात बिल माझं. मधल्या चार वर्षांत थायरॉइड बिघडला होता, नैराश्याची गोळी सुरू झाली होती, नाइट शिफ्ट लागली होती. यातलं प्रत्येक कारण वजन वाढवू शकतं, हे कुठल्याही एमबीबीएस पोराला माहीत असतं. विचारलं कुणी नाही.

रिव्हिजनला माझा विरोध नाही. काहींची नळी खरंच सैलावते, काहींना स्लीव्हनंतर इतकं ॲसिड वर येतं की बायपासशिवाय गत्यंतर नसतं. पण एन्डोस्कोपी, रक्ततपासणी, औषधांची यादी, झोप, पाळी, हे बघून झाल्यावरचा तो प्रश्न आहे. ‘बसा’ म्हणायच्या आधीचा नाही.

किलोंचा धावफलक लावायची सवय किती खोल आहे हे २०१७ मध्ये सगळ्या देशाने पाहिलं. इजिप्तच्या इमान अहमदला मालवाहू विमानातून मुंबईत आणलं. तिचं वजन पाचशे किलोंच्या घरात असल्याचं सांगितलं गेलं. मार्चमध्ये ऑपरेशन झालं आणि मग क्रिकेटचा स्कोअर द्यावा तसे आकडे येत राहिले, आज इतके उतरले, उद्या इतके. एप्रिलमध्ये तिच्या बहिणीने त्या आकड्यांवरच शंका घेतली आणि भांडण टीव्हीवर गेलं. मे महिन्यात तिला अबू धाबीला नेलं. सप्टेंबरमध्ये ती गेली. लहानपणापासून अंथरुणाला खिळलेली, पक्षाघात झालेली ती एक माणूस होती, तिला काय हवं होतं, हे त्या सात महिन्यांतल्या किती बातम्यांत आलं ते आठवून बघा.

आता खाण्याबद्दल, कारण सगळे त्याचीच वाट बघत असतात. प्रत्येकाला तुमच्याकडून एक कबुली हवी असते. रात्री उठून काय खातेस, गुपचूप काय मागवतेस. ती मी देणार नाही, कारण ज्या गोष्टीची कबुली मागताय ती शरीररचना आहे.

स्लीव्ह झालेल्या माणसाला ज्वारीची भाकरी नीट जात नाही. तीन घासांनंतर छातीच्या मध्यभागी काहीतरी अडकतं, तोंडाला लाळ सुटते, पांढरा फेस येतो, उठून बेसिनकडे जावं लागतं. मटणाचा तुकडा अडकतो. कोरडी पोळी अडकते. मोड आलेली मटकी एका वाटीत थांबवते. म्हणजे डॉक्टर जे जे खा म्हणतात ते ते सगळं कष्टाने, चावून चावून, दोन घासांमध्ये चमचा खाली ठेवून खायचं. आणि चहात बुडवलेलं बिस्किट? ते घसरत जातं. चिवडा, फरसाण, आइसक्रीम, शेवयांची खीर, श्रीखंड, उपवासाची साबुदाण्याची खिचडी, सगळं विनातक्रार खाली उतरतं. नळी अरुंद आहे. तिच्यातून घट्ट गोष्ट सावकाश जाते आणि विरघळणारी झरझर. यात तोंडावर ताबा वगैरे काही नाही. जे खाऊन उलटी होत नाही ते माणूस खातो. कुत्रंही हेच करेल.

त्यात आपली थाळी. रोज किमान साठ ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत असं सांगतात. दोन अंड्यांत बारा ग्रॅम येतात, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठरा-वीस. तेही एका बैठकीत मावत नाही. उरलेलं काय, पातळ वरणातून काढायचं? एकत्र कुटुंबात, जिथे अंडं स्वयंपाकघराच्या बाहेरच शिजतं, तिथे पहाटे उठून कुणासाठी वेगळं पनीर परतलं जात नाही. पहिलं वर्ष आई करते. दुसऱ्या वर्षी वहिनीच्या कपाळावर आठी येते. तिसऱ्या वर्षापासून ऑपरेशन झालेली बाई घरातल्या सगळ्यांसारखं जेवते, फक्त पाव जेवते, आणि चार वाजता भूक लागली की चहा-बिस्किट खाते. तिला ‘शिस्त नाही’ म्हणणाऱ्यांनी एकदा त्या स्वयंपाकघरात उभं राहून दाखवावं. जेवताना पाणी प्यायचं नाही, जेवणानंतर अर्धा तास प्यायचं नाही, हे पुण्याच्या एप्रिलमध्ये पाळून दाखवावं.

इथे पुरुषांचा एक वेगळा हिशेब आहे, तो पटकन सांगते. माझ्याच आठवड्यात ऑपरेशन झालेला एक गृहस्थ होता. त्याचं आलेलं वजन माझ्याहून जास्त आहे. त्याला लोक म्हणतात, ‘आता जरा तब्येत भरली, मधे अगदीच वाळला होतात.’ त्याच वॉर्डातली एक मुलगी होती, लग्न जमत नाही म्हणून वडिलांनी ऑपरेशनला आणलेली. जमलं. सासरी ऑपरेशनबद्दल सांगितलेलं नाही. गरोदरपणात अठरा किलो वाढली, त्यातले निम्मेच उतरले. नवरा म्हणतो, ‘फोटोत अशी नव्हतीस.’ ती बी-१२ आणि लोहाच्या गोळ्या ‘केसांसाठी’ म्हणून सांगून खाते. मूल झाल्यावर तिचे केस खरंच गळत होते, त्यामुळे सध्या तरी ते खपतंय.

विमा कंपन्यांची गोष्ट अशीच. आयआरडीएआयच्या २०१९ च्या नियमांनुसार वजनाच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळायचा तर बीएमआय ४० हवा, किंवा ३५ आणि सोबत गंभीर आजार, आणि आधीचे सौम्य उपाय फसलेले असायला हवेत. हे ४० आणि ३५ आलेत अमेरिकेतल्या १९९१ च्या एका सहमतीपत्रातून. त्याच अमेरिकेतल्या बेरिॲट्रिक सर्जनांच्या संघटनेने आणि जागतिक महासंघाने २०२२ साली ते जुने उंबरे बदलले आणि आशियाई लोकांसाठी २७.५ पासून शस्त्रक्रियेचा विचार करावा असं म्हटलं, कारण आपल्याकडे कमी वजनातच डायबेटिस गाठतो. आपण मात्र तीस वर्षांपूर्वीच्या गोऱ्या माणसाच्या मापाचे कपडे घालून बसलोय. तरी ऑपरेशनचे पैसे मिळतात तरी. नंतरचं काय? बहुतेक पॉलिसी ॲडमिट झाल्याशिवाय पैसे सोडत नाहीत. आयुष्यभराच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या, वर्षाच्या रक्ततपासण्या, डाएटिशियन, समुपदेशक, सगळं खिशातून. लाखांचं ऑपरेशन मंजूर आणि ते टिकवायचे काही हजार नामंजूर. गाडी घेऊन द्यायची आणि सर्व्हिसिंगला बंदी घालायची, असा हा प्रकार. मग पाच वर्षांनी पेशंट फॉलो-अपला येत नाहीत म्हणून सर्जन हळहळतात.

पेशंट येत नाहीत कारण त्यांना लाज वाटते. आणि लाज कुठून येते? त्याच भिंतीवरच्या फोटोतून.

दोन्ही बाजूंनी मला शहाणपण शिकवलं जातं. एक बाजू शिस्तवाल्यांची. २०१८ च्या आसपास महाराष्ट्रात दिवेकर की दीक्षित हा वाद इतका पेटला होता की घराघरांत फाळणी झाली, दर दोन तासांनी खायचं की दिवसातून दोनदाच पंचावन्न मिनिटांत. दोघांच्याही अनुयायांनी माझ्याकडे ‘ऑपरेशन म्हणजे शॉर्टकट’ या एका मुद्द्यावर मात्र एकमताने पाहिलं. ज्याला पंधरा किलो कमी करायचेत त्याने यातलं काहीही करावं, माझ्या शुभेच्छा आहेत. पण १२१ किलोच्या माणसाला वीस वर्षांत सातव्यांदा ‘मनावर घे’ असं सांगणं हा उपचार नाही. आणि शॉर्टकट कसला? पोटात पाच भोकं, दोन आठवडे पाण्यावर, तिसऱ्या महिन्यात ओंजळीत येणारे केस.

दुसरी बाजू जास्त गोड आहे आणि मला जास्त खटकते. ‘शरीर जसं आहे तसं सुंदर असतं, तू ऑपरेशन करायलाच नको होतंस.’ हे सांगणारे बहुधा एम साइजचे असतात. मला माझ्या शरीराची घृणा नव्हती. मला रात्री श्वास लागत होता. जाड माणसाला माणूस म्हणून वागवा, ही मागणी माझीही आहे. पण त्या मागणीच्या नावाखाली माझ्यावरच्या उपचारालाच गद्दारी ठरवू नका. आणि वजन थोडं परतल्यावर ‘बघ, आम्ही म्हणत होतो’ हे तुमच्या तोंडून ऐकलं की तुमच्यात आणि माझ्या आत्यात मला फरक दिसत नाही. आत्या निदान डबा भरून पाठवते.

हे सगळं आत्ताच बोलायला हवं, कारण हीच गोष्ट आता मोठ्या पडद्यावर येणार आहे. मार्च २०२५ मध्ये माउंजारो भारतात आलं, जूनमध्ये वेगोवी. माझ्या ऑफिसात चार जण इंजेक्शन घेतात, त्यातले तीन ‘इंटरमिटंट फास्टिंग’ सांगतात. ही औषधं चांगली आहेत. ऑपरेशननंतर परतलेल्या वजनासाठीही ती वापरतात, मीही घेते, आणि तो रेडिओ पुन्हा बराचसा गप्प आहे. पण वेगोवीतल्या सेमाग्लुटाइडच्या चाचणीत लोकांनी औषध थांबवल्यावर एका वर्षात उतरलेल्यापैकी दोन-तृतीयांश वजन परत आलं होतं. हे छापून आलंय २०२२ मध्ये. तरी आज इंजेक्शन ‘सहा महिन्यांचा कोर्स’ म्हणून विकणारे आहेतच. बीपीच्या गोळीचा सहा महिन्यांचा कोर्स असतो का? लग्नाआधी सहा महिने इंजेक्शन, लग्नात फोटो, मग बंद. दोन वर्षांनी त्या सगळ्यांच्या पाठीवर तोच शिक्का बसणार. आणि आत्ता इंजेक्शनवर बारीक झालेले, मला ‘करूनसुद्धा?’ विचारणारे, तेव्हा लिफ्टमध्ये माझ्या शेजारी उभे असणार.

अमेरिकन मेडिकल असोसिएशनने लठ्ठपणाला आजार म्हटलं त्याला, २०१३ पासून, बारा वर्षं उलटून गेली. आजार म्हणायचं असेल तर आजारासारखं वागवा. ‘आफ्टर’ फोटोखाली ऑपरेशनची तारीख आणि फोटोची तारीख छापा, आणि तोच माणूस सातव्या वर्षीही उभा करा, असेल त्या वजनाचा. ऑपरेशनच्या पॅकेजमध्ये पहिल्या दिवसापासून पाच वर्षांच्या तपासण्या, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचार धरा, भले ते महाग पडो. सही करताना पेशंटला आलेख दाखवा, तळाला थांबणारा नव्हे, पूर्ण. मी तो पाहिला असता तरी सही केली असती. फक्त तिसऱ्या वर्षी पहिले चार किलो परत आले तेव्हा हॉस्पिटलचा फोन उचलणं मी बंद केलं नसतं, कारण तो फोन कशासाठी आहे हे मला माहीत असतं.

आणि तुमच्यापैकी जे कुणी आत्ता असा फोन न उचलता बसले असतील त्यांच्यासाठी. वजनकाटा राहू दे बाजूला. आधी रक्त द्या. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, डी, कॅल्शियम, थायरॉइड, शुगर. तळपायांना मुंग्या येत असतील तर उद्याच द्या, बी-१२ची कमतरता मज्जातंतूंना कायमची इजा करू शकते आणि ती वजनाची वाट बघत नाही. बायपास झालेला असेल तर डोकं दुखलं म्हणून मेडिकलमधून कुठलीही पेनकिलर आणू नका, ब्रुफेनच्या जातीच्या गोळ्यांनी जोडाच्या जागी अल्सर होतो. मग चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी करा, मानसिक आजाराची असतील तर तीही, आणि कुठलंही स्वतःहून बंद करू नका. हे सगळं घेऊन डॉक्टरकडे जा, जुना नको असेल तर नवा शोधा. त्याने पहिला प्रश्न ‘काय खाता?’ असा विचारला तर नमस्कार करून उठा. ‘कुठलं ऑपरेशन, कुठल्या साली?’ असा विचारला तर बसा.